मुलांचा खेळ, प्रशिक्षक आणि व्यक्तिमत्त्व विकास : संशोधन करू इच्छिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या क्षेत्रात नेमके कशाचे संशोधन होते?

साधारण सहा ते अठरा या वयोगटातील मुले संघटित स्वरूपात, म्हणजे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि ठरलेल्या वेळापत्रकानुसार खेळतात, तेव्हा त्यांच्या खेळातील कौशल्याबरोबर त्यांच्यात आणखी काय बदलते, आणि त्या बदलात प्रशिक्षकाचा वाटा किती व कसा असतो, हा या संशोधनाचा गाभा आहे. आत्मविश्वास, स्वतःहून पुढाकार घेण्याची वृत्ती, अपयश पचवण्याची ताकद, इतरांशी असलेले नाते आणि नैतिक निर्णयक्षमता या गोष्टी त्यात येतात. धावण्याचा वेग किंवा स्नायूंची ताकद हा शरीरक्रियाशास्त्राचा विषय आहे. मात्र तोच वेग मिळवताना मुलाने स्वतःविषयी कोणते मत बनवले, हा आपला विषय ठरतो.

खेळामुळे व्यक्तिमत्त्व घडते हे सर्वमान्यच आहे. मग संशोधनाची गरज काय?

ही समजूत सर्वमान्य आहे, पण ती सिद्ध झालेली आहे असे मात्र म्हणता येत नाही. खेळ मुळातच शुद्ध व चांगला असतो आणि जो खेळतो त्याच्यात तो चांगुलपणा आपोआप उतरतो, या श्रद्धेला समाजशास्त्रज्ञ जे कोक्ली यांनी खेळाविषयीचे महामिथक म्हटले आहे. पुरावा पाहिला तर चित्र संमिश्र दिसते. १९५४ साली मुझफ्फर शेरीफ यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात एका उन्हाळी शिबिरात साधारण अकरा वर्षांच्या मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यात बेसबॉल, रस्सीखेच अशा स्पर्धा लावल्या. बक्षिसासाठीच्या या स्पर्धांमधून खिलाडूवृत्ती निर्माण होण्याऐवजी शिवीगाळ, झेंडे जाळणे आणि एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालणे सुरू झाले. पुढे दोन्ही गटांना एकत्र आल्याशिवाय सुटणार नाहीत अशा अडचणी, उदाहरणार्थ पाणीपुरवठा बंद पडणे, समोर ठेवल्यावरच ते वैर ओसरले. हा प्रयोग आजच्या नैतिक निकषांवर मान्य होणार नाही, हे खरे. तरीही त्याने एक गोष्ट दाखवून दिली की, तीच मुले आणि तेच मैदान असूनही रचना बदलली की परिणाम बदलतो.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. रीड लार्सन यांनी २००० साली मांडले की, वर्गात मुलांची एकाग्रता असते पण आतून आलेली ओढ कमी असते, आणि मित्रांबरोबर वेळ घालवताना ओढ असते पण एकाग्रता नसते. खेळासारख्या स्वेच्छेने निवडलेल्या संघटित उपक्रमांत मात्र दोन्ही एकत्र येतात, म्हणून पुढाकार शिकण्यासाठी ती सुपीक जमीन ठरते. जमीन सुपीक असल्याने काय उगवेल हे ठरत नाही. काय पेरले जाते यावर ते ठरते, आणि ते पेरणारा हात बहुतेक वेळा प्रशिक्षकाचा असतो. त्यामुळे ‘खेळाचा परिणाम काय?’ असा प्रश्न घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला मी नेहमी तो प्रश्न बदलायला सांगतो.

‘व्यक्तिमत्त्व विकास’ ही संकल्पना फारच व्यापक आहे. ती संशोधनात कशी बांधून घ्यावी?

प्रचलित चौकटींपैकी एखादी निवडून, आणि ती का निवडली हे लिहून. रिचर्ड लर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किशोरांच्या सकारात्मक विकासाचे पाच घटक मांडले : क्षमता, आत्मविश्वास, नातेसंबंध, चारित्र्य आणि इतरांविषयीची आस्था. खेळाच्या संदर्भात ज्याँ कोते आणि वेड गिल्बर्ट यांनी २००९ साली यांतील पहिले चार घटक घेऊन प्रभावी प्रशिक्षणाची व्याख्या केली. त्यांच्या मते प्रशिक्षकाला खेळाचे ज्ञान, माणसांशी वागण्याचे ज्ञान आणि स्वतःला तपासण्याचे ज्ञान अशी तीन प्रकारची ज्ञाने लागतात, आणि त्यांचा प्रसंगानुरूप मेळ घालून खेळाडूत हे चार घटक वाढवता आले, तर ते प्रशिक्षण प्रभावी ठरते. या व्याख्येत जिंकलेल्या चषकांचा उल्लेखही नाही, हे लक्षात घ्यावे.

जीवनकौशल्ये ही दुसरी प्रचलित चौकट आहे. ध्येय ठरवणे, वेळेचे नियोजन, भावना सांभाळणे, संघात काम करणे, नेतृत्व अशी ही कौशल्ये आहेत. डॅनिएल गूल्ड आणि सारा कार्सन यांनी २००८ साली दिलेल्या व्याख्येनुसार, खेळातून विकसित झालेले कौशल्य खेळाबाहेरच्या जीवनातही वापरता आले तरच ते जीवनकौशल्य म्हणायचे. ही अट संशोधकांना जड जाते आणि पुष्कळ प्रबंध तिथेच लंगडे पडतात. मैदानावर वेळेवर येणारा मुलगा घरी अभ्यासाला वेळेवर बसतो का, हे विचारलेच जात नाही, किंवा विचारले तरी फक्त त्या मुलालाच विचारले जाते.

यासाठी तयार प्रश्नावल्या उपलब्ध आहेत का?

आहेत. खेळातील किशोरांच्या अनुभवांची सूची २०१२ साली तयार झाली, आणि लोर्कन क्रोनिन व जस्टिन ॲलन यांची आठ जीवनकौशल्यांची मोजपट्टी २०१७ साली आली. या प्रश्नावल्या इंग्रजीत तपासलेल्या आहेत. त्या दुसऱ्या भाषेत वापरताना नुसते भाषांतर करून चालत नाही. एका व्यक्तीने भाषांतर करावे, दुसऱ्या व्यक्तीने मूळ न पाहता ते परत मूळ भाषेत आणावे, दोन्हींतील फरक तपासावा, मग त्याच वयाच्या काही मुलांना एकेक प्रश्न वाचायला देऊन त्यांना त्याचा अर्थ काय लागला हे त्यांच्याच शब्दांत सांगायला लावावे, आणि शेवटी घटक विश्लेषणाने, म्हणजे कोणते प्रश्न एका गटात बसतात हे दाखवणाऱ्या सांख्यिकी पद्धतीने, मूळ रचना टिकते का हे पाहावे. घाईत यातली मुलांना अर्थ विचारण्याची पायरी सर्वांत आधी गळते, आणि सर्वाधिक चुका तीच पकडते.

प्रशिक्षकाच्या वर्तनाचा अभ्यास कसा सुरू झाला?

येथे दोन अभ्यासांची ओळख असणे आवश्यक आहे. पहिला रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प यांचा. १९७४–७५ च्या हंगामात त्यांनी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक जॉन वुडन यांची पंधरा सराव सत्रे पाहिली आणि त्यांच्या २,३२६ शैक्षणिक कृतींची नोंद केली. त्यांपैकी सुमारे निम्म्या कृती म्हणजे ‘काय करायचे, कसे करायचे’ अशा छोट्या, नेमक्या सूचना होत्या. निखळ शाबासकी सात टक्क्यांच्या आसपास होती. चांगला प्रशिक्षक म्हणजे सतत पाठ थोपटणारा, ही कल्पना त्यामुळे डळमळीत झाली. पुढे २००४ साली या दोघांनी आपल्याच अभ्यासाकडे मागे वळून पाहिले आणि त्याची मर्यादाही सांगितली : मोजणीत आकडे मिळाले, पण प्रत्येक सत्रामागचे बारकाईचे नियोजन आणि प्रत्येक खेळाडूविषयीचा विचार त्या आकड्यांत आला नव्हता. शिवाय वुडन यांचे खेळाडू विद्यापीठातील निवडक तरुण होते. ते प्रमाण नऊ वर्षांच्या मुलांना लावता येत नाही.

मुलांच्या बाबतीतला पायाभूत अभ्यास वॉशिंग्टन विद्यापीठातील रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांचा आहे. त्यांनी १९७७ साली प्रशिक्षकाच्या वर्तनाची बारा गटांत नोंद करणारी निरीक्षण पद्धत प्रसिद्ध केली. तिची खुबी अशी की, चांगली कामगिरी, चूक आणि बेशिस्त या तीन प्रसंगांना प्रशिक्षक काय प्रतिसाद देतो, हे ती वेगवेगळे टिपते. चूक झाल्यावर दिलेला धीर, चुकीनंतरची तांत्रिक सूचना, शिक्षा, शिक्षेच्या सुरात दिलेली सूचना आणि चुकीकडे केलेले दुर्लक्ष हे सगळे स्वतंत्र गट आहेत. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल स्पर्धेतील ५१ प्रशिक्षकांचे सामन्यांतील वर्तन त्यांनी नोंदवले, ५४२ मुलांना भेटले आणि प्रशिक्षकांनाही स्वतःविषयी विचारले. मुलांनी केलेले वर्णन निरीक्षकांच्या नोंदींशी बऱ्यापैकी जुळले. प्रशिक्षकांनी स्वतःचे केलेले वर्णन शिक्षेचा अपवाद वगळता फारसे जुळले नाही. आपण किती वेळा धीर देतो, किती वेळा शिकवतो, याची त्यांना स्वतःलाच कल्पना नव्हती. संघाने किती सामने जिंकले याचा मुलांना प्रशिक्षक किती आवडतो याच्याशी जवळजवळ संबंध आढळला नाही. जिंकणाऱ्या संघातील मुलांना मात्र आपले पालक प्रशिक्षकावर अधिक खूश आहेत असे वाटत होते. मुलांना मोठ्यांचे हिशेब बरोबर कळतात.

मग प्रशिक्षकांच्या मुलाखतींवर आधारित प्रबंध चुकीचा ठरतो का?

चुकीचा नव्हे, परंतु त्याचे शीर्षक अनेकदा चुकीचे असते. मुलाखतीतून प्रशिक्षकाची धारणा, त्याचे तत्त्वज्ञान, त्याने स्वतःला दिलेले स्पष्टीकरण कळते. ‘मी निकालापेक्षा मुलांच्या घडणीला महत्त्व देतो’ असे वाक्य जवळपास प्रत्येक मुलाखतीत येते. शेवटची दहा मिनिटे उरलेली असताना बाकावरच्या राखीव खेळाडूला उतरवले जाते की नाही, हे मैदानाच्या कडेला बसल्याशिवाय कळत नाही. अशा अभ्यासाला ‘प्रशिक्षकांची धारणा’ म्हणावे, ‘प्रशिक्षकांचे वर्तन’ म्हणू नये. शक्य असेल तेव्हा मुलाखत, प्रत्यक्ष निरीक्षण आणि मुलांचे म्हणणे ही तिन्ही घ्यावीत. ती एकमेकांशी जिथे जुळत नाहीत तिथेच बहुधा सांगण्यासारखे काही सापडते.

निरीक्षण विश्वसनीय कसे करावे?

दोन निरीक्षकांनी एकच सत्र स्वतंत्रपणे नोंदवावे आणि त्यांची सहमती निव्वळ टक्केवारीत न देता कोहेनच्या कप्पासारख्या, योगायोगाने होणारी सहमती वजा करणाऱ्या गुणांकाने द्यावी. पहिली दोन-तीन सत्रे विश्लेषणात धरू नयेत, कारण अनोळखी माणूस वही घेऊन उभा आहे म्हटल्यावर प्रशिक्षकाचा आवाज आणि भाषा दोन्ही बदलतात. प्रशिक्षकाच्या कपड्यांना लावलेला छोटा मायक्रोफोन उपयोगी पडतो, कारण महत्त्वाची वाक्ये पुष्कळदा हळू आवाजात आणि एकाच मुलाला उद्देशून असतात. त्याची परवानगी मात्र स्वतंत्रपणे घ्यावी.

कोणता सिद्धांत वापरावा?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचा स्वयंनिर्णय सिद्धांत सर्वाधिक वापरला जातो. स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा या तीन मानसिक गरजा भागल्या की प्रेरणा टिकते, असे तो सांगतो. स्वायत्तता म्हणजे मुलांना मोकाट सोडणे, असा गैरसमज दिसतो. सूचनेमागचे कारण सांगणे, मर्यादेत राहून निवड देणे आणि मुलाची नाराजी ऐकून घेणे हा तिचा अर्थ आहे. नात्याचा अभ्यास करायचा असेल तर सोफिया जॉवेट यांची जवळीक, बांधिलकी आणि परस्परपूरकता ही चौकट पाहावी. सिद्धांताचा उल्लेख पहिल्या प्रकरणात करून नंतर तो विसरणे, हा दोष इतका सार्वत्रिक आहे की परीक्षक तोच आधी शोधतात.

जीवनकौशल्ये मुद्दाम शिकवावी लागतात, की चांगल्या वातावरणात ती आपोआप येतात?

हा या क्षेत्रातील जिवंत वाद आहे. निकोलस होल्ट आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली गुणात्मक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून दोन्ही वाटा शक्य असल्याचे मांडले. प्रशिक्षक, पालक आणि सवंगडी यांचे वातावरण पोषक असेल तर काही गोष्टी न शिकवताही येतात, आणि त्यात जीवनकौशल्यांवर जाणीवपूर्वक भर दिला तर अधिक लाभ होतो. २०१८ साली कोरलिस बीन, मार्तँ कामिरे आणि सहकाऱ्यांनी हे दोन कप्पे मोडून एक सलग मापपट्टी मांडली : खेळाची नीट रचना, पोषक वातावरण, कौशल्यावर चर्चा, कौशल्याचा सराव, खेळाबाहेरील वापरावर चर्चा, आणि शेवटी त्या वापराचा प्रत्यक्ष सराव.

संशोधकासाठी ही मापपट्टी सोयीची आहे, कारण एखादा प्रशिक्षक कोणत्या पायरीवर आहे हे निरीक्षणातून ठरवता येते. डॉन हेलिसन यांचे जबाबदारी शिकवणारे प्रारूप, जे १९७० च्या दशकापासून अडचणीच्या परिस्थितीतील मुलांबरोबर काम करताना घडत गेले, वरच्या पायऱ्यांचे चांगले उदाहरण आहे. त्यात सत्राची सुरुवात मुलांशी बोलण्याने होते आणि शेवट मुलांनी स्वतःचे मूल्यमापन करण्याने होतो. माझे मत विचाराल तर, खालच्या दोन पायऱ्या कच्च्या असताना वरच्या पायऱ्यांचा आग्रह धरणे व्यर्थ आहे. मुलांवर खेकसणाऱ्या प्रशिक्षकाने सत्राअखेर पाच मिनिटे ‘आदर’ या विषयावर चर्चा घेतली, तर मुले त्यातून ढोंग तेवढे शिकतात.

प्रशिक्षकांना प्रशिक्षण दिल्याने फरक पडतो, याचा पुरावा आहे का?

आहे. स्मिथ आणि स्मोल यांच्याच गटाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रशिक्षकांना काही तासांचे मार्गदर्शन देण्यात आले, आणि स्वतःचा आत्मसन्मान कमी असलेल्या मुलांना त्याचा सर्वाधिक लाभ झालेला दिसला. १९९२ च्या एका अभ्यासात प्रशिक्षित प्रशिक्षकांच्या संघांतील ५ टक्के मुले पुढच्या हंगामात खेळ सोडून गेली, तर इतर संघांत हे प्रमाण २६ टक्के होते. संघांची संख्या लहान होती, म्हणून हे आकडे सर्वत्र जसेच्या तसे लागू करू नयेत. फरकाची दिशा मात्र दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

नमुन्यात किती मुले असावीत?

या प्रश्नाच्या आधी ‘किती संघ असावेत’ असे विचारावे. एकाच संघातील मुले एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली असल्याने त्यांची उत्तरे एकमेकांसारखी असतात. त्यांना स्वतंत्र मानणे ही या क्षेत्रातील सर्वांत महागडी सांख्यिकी चूक आहे. समजा प्रत्येकी १५ मुलांचे २० संघ, म्हणजे ३०० मुले आहेत, आणि संघांतर्गत सहसंबंध, म्हणजे एकाच संघातील मुलांची उत्तरे एकमेकांशी किती मिळतीजुळती आहेत याचे माप, ०.१० आहे. अशा वेळी १ + (१५ − १) × ०.१० म्हणजे २.४ या गुणकाने भागावे लागते, आणि ३०० मुलांची माहिती प्रत्यक्षात १२५ स्वतंत्र मुलांइतकीच भरते. संघातील मुले वाढवून फारसे काही साधत नाही, संघ वाढवावे लागतात. प्रशिक्षकाविषयी निष्कर्ष काढायचा असेल तर तुमच्याकडे ३०० नव्हे, २० च घटक आहेत. त्यासाठी मूल आणि संघ हे दोन स्तर वेगळे धरणारे बहुस्तरीय विश्लेषण वापरावे.

गुणात्मक अभ्यासात संख्येचा प्रश्न असा येत नाही. तेथे एका संघात एक पूर्ण हंगाम घालवणे हे दहा संघांत एकेक दुपार घालवण्यापेक्षा बहुधा अधिक मोलाचे ठरते.

मुलांचे वय विश्लेषणात कसे धरावे?

जन्मतारखेचे वय पुरेसे नसते. उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याचा काळ मुलींत सरासरी बाराव्या आणि मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, आणि एकाच संघातील दोन मुलांत त्याबाबत काही वर्षांचे अंतर असू शकते. लवकर वाढलेल्या मुलाला जास्त खेळायला मिळते, जास्त सूचना मिळतात आणि त्याचा आत्मविश्वासही वाढलेला दिसतो. संशोधक त्याचे श्रेय प्रशिक्षणाला देऊन मोकळा होतो. वयोगटाच्या कटऑफ तारखेचाही असाच परिणाम असतो. कॅनडातील आइस हॉकीत वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत जन्मलेले खेळाडू प्रमाणाबाहेर जास्त आहेत, हे रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवले. जन्ममहिना विचारायला एक ओळ लागते, तेव्हा ती प्रश्नावलीत असावीच.

खेळ सोडून गेलेल्या मुलांचे काय?

त्यांना शोधावे. हंगामाच्या शेवटी मैदानावर उरलेल्या मुलांनाच प्रश्नावली दिली, तर ज्यांचे अनुभव सर्वांत वाईट होते ती मुले आधीच गळालेली असतात, आणि खेळ सर्वांना लाभतो असा निष्कर्ष आपोआप निघतो. पहिल्याच दिवशी सर्वांची नोंद घ्यावी आणि सोडून जाणाऱ्यांशी संपर्क ठेवण्याची परवानगी तेव्हाच मागून ठेवावी.

मुले मुलाखतीत एका शब्दात उत्तरे देतात. काय करावे?

माझ्या सुरुवातीच्या एका मुलाखतीत बारा वर्षांचा एक मुलगा प्रत्येक प्रश्नाला ‘चांगलं वाटतं’ एवढेच म्हणत राहिला. नंतर उलगडा झाला की त्याला मी निवड समितीचा माणूस वाटलो होतो. दोष माझाच होता, कारण मी कोण आहे हे मी पालकांना सविस्तर सांगितले होते, त्याला नाही. मुलांना ‘तुला खेळातून काय मिळाले?’ असे अमूर्त प्रश्न विचारू नयेत. मागच्या सामन्यातील एखादा प्रसंग घ्यावा, मैदानाचे चित्र काढायला सांगावे, किंवा त्यांनी स्वतः काढलेल्या छायाचित्रांवर बोलावे. दोन मित्रांना एकत्र बसवले तर ती पुष्कळदा मोकळी होतात. प्रशिक्षक ऐकू शकेल अशा अंतरावर मुलाखत कधीही घेऊ नये.

संमती कोणाची घ्यावी?

पालकांची लेखी संमती, आणि मुलाचा स्वतःचा होकार. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचे बारावे कलम मुलाला स्वतःशी संबंधित बाबतीत मत मांडण्याचा हक्क देते, म्हणून पालकांनी सही केली तरी मुलाचा नकार अंतिम मानावा. संमतीपत्रे प्रशिक्षकामार्फत वाटू नयेत. संघात कोण खेळणार हे ठरवणाऱ्या व्यक्तीला नकार देणे मुलाला शक्य नसते.

निरीक्षणादरम्यान गैरवर्तन दिसले तर?

याचे उत्तर अभ्यास सुरू होण्यापूर्वी लिहून नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्यावे : कोणाला, किती वेळात आणि कसे कळवायचे. मारहाण व लैंगिक छळाबरोबरच अपमान, एकटे पाडणे आणि दुखापत असताना खेळायला लावणे हेही त्यात समाविष्ट असावे. मुलांना ‘तुम्ही सांगाल ते गुप्त राहील’ असे सरसकट वचन कधीही देऊ नये. कोणी तुम्हाला इजा करत असेल तर ते मला योग्य व्यक्तीला सांगावे लागेल, हे सुरुवातीलाच त्यांच्या भाषेत सांगावे.

मी स्वतः प्रशिक्षक आहे. माझ्याच संघावर संशोधन करता येईल का?

कृती संशोधनाच्या, म्हणजे स्वतःचेच काम तपासत सुधारत नेण्याच्या, स्वरूपात जरूर करता येईल. मात्र मुलांकडून माहिती दुसऱ्या कोणी गोळा करावी, कच्च्या नोंदी हंगाम संपेपर्यंत तुम्ही पाहू नयेत, आणि तुमच्या सत्रांचे ध्वनिमुद्रण बाहेरच्या व्यक्तीने नोंदवावे. स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकण्यापूर्वी आपण सत्रात किती वेळा धीर दिला असेल याचा अंदाज कागदावर लिहून ठेवा, आणि तो कागद संशोधनाचा भाग म्हणून जपा.

अभ्यास संपल्यावर संघाला काय परत द्यावे?

मुलांना एका पानात, त्यांच्या भाषेत, त्यांनी सांगितलेल्या गोष्टींतून काय दिसले ते द्यावे. प्रशिक्षकाला त्याचे वैयक्तिक निष्कर्ष आधी एकट्याला भेटून द्यावेत आणि इतर प्रशिक्षकांशी तुलना करणारा तक्ता देऊ नये. मुलांची वाक्ये उद्धृत करताना फक्त नाव बदलणे पुरेसे नसते. पंधरा जणांच्या संघात ‘डावखुरा गोलरक्षक’ एवढे लिहिले तरी सगळे ओळखतात, म्हणून असे तपशील प्रशिक्षकाच्या प्रतीत येण्यापूर्वी काढावेत.